एक ठिगळ, दोन सूर : दुहेरी पट्ट्याच्या मायक्रोस्ट्रिप अँटेनाचा इतिहास



आजचा विषय ऐकायला जरा रुक्ष वाटतो, पण वस्तू मात्र तुमच्या प्रत्येकाच्या खिशात आहे. पूर्वीच्या मोबाइलला वर एक दांडी असायची, आठवतं का? फोन आला की काही जण ती ओढून लांब करायचे. मग एक दिवस ती दांडी गेली. अँटेना गेला का? नाही, तो आत गेला आणि चपटा झाला. आणि आत जाताना त्याला आणखी एक काम शिकावं लागलं : एकाच वेळी दोन वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सींवर बोलायचं. हे तो कसा शिकला, हीच आजची गोष्ट.

आधी वस्तू समजून घेऊ. हा माझ्या हातात सर्किट बोर्डाचा एक तुकडा आहे. खाली तांब्याचा सलग पत्रा, मध्ये विद्युतरोधक थर, आणि वर तांब्याचा एक छोटा चौकोन. या चौकोनाला इंग्रजीत ‘पॅच’ म्हणतात, म्हणजे आपलं ठिगळ. वरचं ठिगळ, मधला थर आणि खालचा पत्रा, एवढाच हा अँटेना. ना दांडी, ना तबकडी.

तो काम कसं करतो? एका आयताकृती ट्रेमध्ये पाणी घ्या आणि हळूच हलवा. पाणी हेलकावे खायला लागतं. एक कड वर जाते तेव्हा दुसरी खाली, आणि मधली रेषा जवळपास स्थिर. ट्रेची लांबी ठरली की हेलकाव्याचा वेगही ठरतो. ठिगळाखाली विजेचं तसंच होतं. ठिगळाची लांबी अर्ध्या तरंगलांबीएवढी असली की विद्युतदाब एका कडेला चढतो, दुसऱ्या कडेला उतरतो, आणि त्या दोन कडांमधून लहरी बाहेर पडतात. हिशेब सोपा आहे. २.४ गिगाहर्ट्झला, म्हणजे आपल्या वायफायला, हवेतली तरंगलांबी १२.५ सेंटीमीटर. तिची अर्धी सव्वासहा. पण मधल्या थरात लहर सावकाश चालते. एफआर-४ नावाचा जो नेहमीचा हिरवा बोर्ड असतो, त्यात ती साधारण दोन पटींहून थोडी जास्त आखूड होते. म्हणून ठिगळ भरतं जेमतेम ३ सेंटीमीटर.

आता इतिहासाकडे वळू.

दोषातून निघालेली कल्पना

दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा रडारवाल्यांकडे सूक्ष्मलहरी वाहून नेण्यासाठी पितळेच्या, तांब्याच्या पोकळ नळ्या होत्या. जड आणि महाग, प्रत्येक नळी कारागिरानं बनवायची. पन्नाशीच्या सुरुवातीला अमेरिकेत विचार सुरू झाला की हे सगळं छापता येईल का. १९५२ मध्ये ग्रीग आणि एंगेलमन यांनी एक लेख प्रसिद्ध केला. तांब्याची पट्टी, खाली थर, त्याखाली पत्रा, अशी ती वाहिनी. तिचं नाव मायक्रोस्ट्रिप. हे दोघे आयटीटी कंपनीच्या फेडरल टेलिकम्युनिकेशन प्रयोगशाळेतले.

या वाहिनीत एक खोट होती. पट्टी जिथे वळते, जिथे तुटते, तिथून ऊर्जा बाहेर गळते. वाहिनी बनवणाऱ्याला हे नकोच असतं. त्याच प्रयोगशाळेत मूळचे फ्रान्सचे जॉर्ज देशाँ काम करत होते. गळतीच हवी असेल तर याच वस्तूचा अँटेना होईल, ही कल्पना त्यांनी १९५३ मध्ये मांडली. १९५५ मध्ये गुटों आणि बेसिनो यांच्या नावे फ्रान्समध्ये अशाच चपट्या अँटेनाचं पेटंटही निघालं.

आणि मग? मग जवळजवळ वीस वर्षं फारसं काहीच नाही.

इतकी चांगली कल्पना पडून का राहिली? मला तीन कारणं दिसतात. पहिलं, मधला थर. तेव्हाचे बोर्ड ऊर्जा खायचे, म्हणजे लहर बाहेर पडण्याआधीच थरात ऊब होऊन विरायची. दुसरं, हिशेब. ठिगळ कोणत्या फ्रिक्वेन्सीवर वाजेल, तार नेमकी कुठे जोडायची, हे सांगणारं सोपं गणित नव्हतं. आणि तिसरं, गरज. चपटा अँटेना नेमका कुणाला हवा होता? जमिनीवर तबकडी ठेवायला भरपूर जागा होती.

काचेच्या बरण्या आणि क्षेपणास्त्रं

गरज आली ती क्षेपणास्त्रांतून आणि रॉकेटांतून. आवाजाहून जास्त वेगानं जाणाऱ्या नळकांड्यावर बाहेर आलेली कुठलीही दांडी चालत नाही. अँटेना पृष्ठभागाशी सपाट हवा, कातडीसारखा चिकटलेला हवा. टेफ्लॉन आणि काचतंतूंचे कमी ऊर्जा खाणारे बोर्डही तोवर मिळू लागले होते.

अमेरिकेत लोणची-मुरंबे भरायच्या काचेच्या बरण्यांसाठी घराघरांत ठाऊक असलेलं एक नाव म्हणजे बॉल. याच बॉल ब्रदर्स कंपनीनं १९५६ मध्ये कोलोरॅडोतल्या बोल्डर गावी एक संशोधन शाखा काढली होती. तिथले रॉबर्ट मन्सन यांनी जानेवारी १९७४ मध्ये एक लेख प्रसिद्ध केला. रॉकेटच्या नळकांड्याभोवती पट्ट्यासारखा गुंडाळता येणारा छापील अँटेना. त्याला ऊर्जा पुरवणाऱ्या फांद्याही त्याच बोर्डावर, त्याच छपाईत. वर्षभरात, जानेवारी १९७५ मध्ये, हॉवेल यांचा लेख आला. त्यात आयताकृती आणि गोल ठिगळांचे आराखडे होते. इथून हे शास्त्र खऱ्या अर्थानं चालू लागलं.

१९७८ च्या जूनमध्ये सीसॅट उपग्रह गेला. समुद्राचं निरीक्षण करणाऱ्या त्याच्या रडारचा अँटेना मायक्रोस्ट्रिप ठिगळांचाच होता : घडी घालून नेलेले आठ फलक, उलगडल्यावर सुमारे १०.७ मीटर लांब आणि २.२ मीटर रुंद. वीजपुरवठ्यात शॉर्टसर्किट होऊन ऑक्टोबरमध्येच उपग्रह बंद पडला, पण तोवर अँटेनानं आपलं काम दाखवून दिलं होतं.

अरुंद दार

इथे एक आकडा लक्षात ठेवा. सीसॅटचं रडार १२७५ मेगाहर्ट्झवर चालायचं आणि त्याला लागणारी बँडविड्थ होती सुमारे १९ मेगाहर्ट्झ. म्हणजे दीड टक्का. पातळ बोर्डावरचं साधं ठिगळ साधारण एवढंच देतं, १ ते ३ टक्के. रडारचं भागलं.

पण मोबाइलचं बघा. जीएसएमच्या ९०० च्या पट्ट्यात फोन ८९० ते ९१५ मेगाहर्ट्झवर बोलतो आणि ९३५ ते ९६० वर ऐकतो. ८९० ते ९६० म्हणजे ७० मेगाहर्ट्झ, साडेसात टक्क्यांच्या वर. १८०० च्या पट्ट्यात १७१० ते १८८०, म्हणजे साडेनऊ टक्के. साध्या ठिगळाला यातला एकही पट्टा पेलत नाही, आणि फोनला तर दोन्ही हवेत.

हा अरुंदपणा कुणाच्या निष्काळजीपणातून आलेला नाही. १९४७ मध्ये व्हीलर आणि १९४८ मध्ये चू यांनी दाखवून दिलं होतं की अँटेना तरंगलांबीच्या मानानं लहान केला की किंमत द्यावी लागते. एक तर बँडविड्थ सोडा, नाहीतर कार्यक्षमता सोडा. ठिगळ पातळ आहे, म्हणून ऊर्जा आतच घुटमळत राहते आणि सावकाश बाहेर पडते. घंटेसारखं. घंटा बराच वेळ वाजते, पण एकाच सुरात.

मग मार्ग दोनच. दार रुंद करा, नाहीतर दोन वेगळी दारं ठेवा. दार रुंद करणाऱ्यांनी थर जाड केला, बाजूला आणखी ठिगळं ठेवली. पण ९०० पासून १८८० पर्यंत सगळं उघडं ठेवायची गरजच काय? मधल्या फ्रिक्वेन्सींवर आपलं कुणी बोलत नाही. उलट तिथला गोंगाट आत येणार. हव्या त्या दोन जागी उघडणारा अँटेना जास्त शहाणपणाचा. दुहेरी पट्ट्याच्या कल्पनेचं मूळ इथे आहे.

एका ट्रेमध्ये दोन हेलकावे

हे साधायचे तीन मोठे प्रकार पुढे आले.

पहिला अगदी सोपा. आपला ट्रे आयताकृती आहे. लांबीच्या दिशेनं हलवला तर पाणी सावकाश हेलकावतं, रुंदीच्या दिशेनं हलवला तर भरभर. ठिगळाचंही तसंच : लांबीवर एक फ्रिक्वेन्सी, रुंदीवर दुसरी. अडचण एवढीच की दोन्ही लहरींची दिशा एकमेकींशी काटकोनात राहते. समोरचा अँटेना दोन्ही वेळी एकाच दिशेनं ऐकत असेल, तर हा उपाय निरुपयोगी.

दुसरा प्रकार म्हणजे थरावर थर. मार्च १९७९ मध्ये लाँग आणि वॉल्टन यांनी दोन गोल चकत्या एकीवर एक रचून दोन फ्रिक्वेन्सी मिळवल्या. उतरंडीतल्या दोन मडक्यांसारखं : प्रत्येक मडक्याचा आवाज वेगळा. उपाय चांगला, पण जाडी वाढते, आणि थर एकमेकांवर अचूक बसवावे लागतात.

तिसरा प्रकार मला सर्वांत सुंदर वाटतो. एकच ठिगळ घ्यायचं आणि त्यात चीर पाडायची, किंवा ठराविक जागी खिळा ठोकून ते खालच्या पत्र्याला जोडायचं. ट्रेमध्ये पहिल्या हेलकाव्याखेरीज आणखीही हेलकावे असतात. दुसऱ्यात दोन्ही कडा एकदम वर जातात आणि मध्य खाली. अँटेनात असं झालं की दोन कडांमधून निघालेल्या लहरी समोरच्या दिशेला एकमेकींना मारून टाकतात. म्हणजे दुसरा हेलकावा आपल्या कामाचा नाही. तिसऱ्यात पुन्हा एक कड वर, दुसरी खाली. तो चालतो, पण त्याची फ्रिक्वेन्सी पहिल्याच्या तिप्पट पडते. आपल्याला तर हवी दुप्पट किंवा त्याहून कमी.

मग इटलीत माची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये दाखवलं की दोन्ही कडांजवळ अरुंद चिरा पाडल्या तर तिसरा हेलकावा खाली ओढता येतो. का? तर पहिल्या हेलकाव्यात कडेजवळ पाणी आडवं फारसं वाहतच नाही, त्यामुळे चीर त्याला जाणवत नाही. तिसऱ्यात तिथे प्रवाह असतो. त्याला चिरेला वळसा घालून जावं लागतं, वाट लांबते, फ्रिक्वेन्सी उतरते. गुणोत्तर तीनवरून १.६ ते २ पर्यंत येतं. चीर कुठे पाडायची हे ठरवायला प्रवाह कुठे आहे ते माहीत असावं लागतं.

गणित कुठून आलं

हे प्रवाह डोळ्यांसमोर आणणारं गणित १९७९ च्या सुमारास आलं. ठिगळ आणि पत्रा यांमधली जागा ही एक बंद पेटी आहे असं मानून लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इलिनॉय विद्यापीठात सोपं प्रतिमान बांधलं. देशाँही तोवर त्याच विद्यापीठात प्राध्यापक होते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये न्यू मेक्सिकोतल्या लास क्रुसेसला छापील अँटेनांवर कार्यशाळा झाली. जानेवारी १९८१ मध्ये आयईईईच्या नियतकालिकानं या विषयावर विशेषांकच काढला.

आणि इथे आपली माणसं येतात. कुलदीप चंद गुप्ता, रमेश गर्ग आणि इंदर बहल या तिघांचं मायक्रोस्ट्रिप वाहिन्यांवरचं पुस्तक १९७९ मध्ये आलं, तेव्हा आयआयटी कानपूर हे या विषयाचं मोठं केंद्र होतं. १९८० मध्ये बहल आणि प्रकाश भारतिया यांचं मायक्रोस्ट्रिप अँटेनांवरचं पुस्तक आलं. या विषयाला वाहिलेल्या अगदी सुरुवातीच्या पुस्तकांपैकी ते एक. १९८४ मध्ये गिरीश कुमार आणि गुप्ता यांनी मुख्य ठिगळाच्या शेजारी, मध्ये बारीक फट ठेवून, आणखी ठिगळं मांडली आणि दार रुंद करून दाखवलं. गुप्ता पुढे कोलोरॅडो विद्यापीठात गेले, तेही बोल्डरलाच. गिरीश कुमार मुंबईच्या आयआयटीत आले. त्यांचं आणि पवईच्याच आवारातल्या ‘समीर’ संस्थेतल्या के. पी. रे यांचं रुंद पट्ट्याच्या मायक्रोस्ट्रिप अँटेनांवरचं पुस्तक २००३ मध्ये आलं. महाराष्ट्रातल्या कितीतरी अभियांत्रिकी महाविद्यालयांत प्रकल्प करणाऱ्या मुलांच्या टेबलावर ते दिसतं.

दोन कशाला?

दोन फ्रिक्वेन्सींची गरज दोन अगदी वेगळ्या कारणांनी पडली.

पहिलं कारण आकाशात आहे. उपग्रहाचा संदेश आयनांबरातून येताना थोडा उशिरा पोचतो, आणि उशीर झाला की जागा चुकते. हा उशीर फ्रिक्वेन्सीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो. म्हणून दोन फ्रिक्वेन्सींवर एकच संदेश घ्यायचा, दोन्ही उशिरांमधला फरक मोजायचा, आणि मूळ उशीर काढून टाकायचा. जीपीएसनं यासाठी १५७५.४२ आणि १२२७.६० मेगाहर्ट्झ घेतले. आपल्या नाविकनं ११७६.४५ आणि २४९२.०२८ घेतले. या दोहोंतलं गुणोत्तर दोनहून थोडं जास्त, म्हणून खालच्या फ्रिक्वेन्सीवर उशीर जवळजवळ साडेचार पट. फरक स्पष्ट दिसतो.

आपल्याकडे याचं महत्त्व जास्त आहे, कारण चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जातं आणि त्या परिसरातलं आयनांबर फार चंचल असतं. १९६३ मध्ये पहिलं रॉकेट उडवायला थुंबा निवडलं ते याच रेषेच्या अभ्यासासाठी. पन्नास वर्षांनी, १ जुलै २०१३ ला, नाविकचा पहिला उपग्रह गेला. त्याचे दोन्ही संदेश ऐकणाऱ्या जमिनीवरच्या यंत्राला दोन पट्ट्यांचा अँटेना लागतो, आणि लहान, चपटं, छापील ठिगळ त्या कामाला साजेसं आहे.

दुसरं कारण बाजारात आहे. ९०० चा पट्टा भरला की जास्तीची माणसं कुठे बसवायची? १८०० मध्ये. भारतात १९९५ मध्ये मोबाइल आला तो ९०० वर. २००१ मध्ये चौथ्या कंपनीला परवाने मिळाले ते १८०० वर. ग्राहकाला यातलं काही माहीत नव्हतं, आणि असायचं कारणही नव्हतं. फोनला माहीत असणं भाग होतं.

फोनमध्ये ठिगळ बसवायला जपानी संशोधकांनी वाट काढली. ९०० ला अर्धी तरंगलांबी म्हणजे साडेसोळा सेंटीमीटरच्या वर, फोनहून लांब. पण ट्रेच्या मधोमध पाणी स्थिर असतं ना? मग तिथेच भिंत घाला आणि अर्धाच ट्रे ठेवा. म्हणजे ठिगळाची एक कड खालच्या पत्र्याला जोडायची. लांबी निम्म्यावर येते, सव्वाआठ सेंटीमीटर. १९८७ मध्ये टागा आणि त्सुनेकावा यांनी हातात धरायच्या यंत्राच्या आत बसणाऱ्या अशा अँटेनाचा सविस्तर अभ्यास मांडला. मध्ये बोर्डाऐवजी हवा, आणि उंची काही मिलिमीटर, त्यामुळे दारही रुंद झालं. १९९७ मध्ये ब्रिटनमध्ये लिऊ, हॉल आणि वेक यांनी याच ठिगळात इंग्रजी ‘एल’ अक्षराच्या आकाराची चीर पाडून दोन भाग केले : मोठा ९०० साठी, त्याच्या कुशीतला छोटा १८०० साठी. १९९९ मध्ये नोकियाचा ३२१० आला आणि पुढच्या वर्षी ३३१०. दोन्ही पट्टे, आणि बाहेर दांडी नाही. लोकांना त्यातला साप लक्षात राहिला. अँटेना कुणाच्या लक्षातच आला नाही.

गळतीचं भान

शेवटचा मुद्दा सांगतो, कारण समोर बरेच विद्यार्थी आहेत.

आज संगणकावर दुहेरी पट्ट्याचा अँटेना दुपारभरात तयार होतो. चिरा पाडायच्या, आलेख बघायचा, दोन खड्डे दिसले की झाला दुहेरी पट्टा. पण तो आलेख एवढंच सांगतो की अँटेनात गेलेली ऊर्जा परत आली नाही. ती बाहेर पडली की आतच जळाली, हे तो सांगत नाही. साधा रोधक जोडा. त्याचा आलेख सगळ्या फ्रिक्वेन्सींवर उत्तम येईल, आणि एक कणही बाहेर जाणार नाही! स्वस्त एफआर-४ बोर्ड बरीच ऊर्जा खातो, म्हणून त्यावर बँडविड्थही फुगलेली दिसते. पन्नाशीत ज्या कारणानं ही कल्पना वीस वर्षं अडली, तेच कारण आज सुंदर आलेखाच्या रूपात समोर येतं आणि आपण त्याला यश म्हणतो.

आणि याची किंमत कोण मोजतं? आराखडा काढणारा मोजत नाही. मोजतो तो दूरच्या वाडीवर, एका कांडीच्या सिग्नलवर, दवाखान्याला फोन लावणारा माणूस. अँटेनानं निम्मी ऊर्जा खाल्ली तर त्याची बॅटरी लवकर उतरते, नाहीतर फोन लागतच नाही.

म्हणून कुठलाही दुहेरी पट्ट्याचा आराखडा समोर आला की तीन प्रश्न विचारा. हेच दोन पट्टे का, ते कुणाला हवेत? दोन्ही पट्ट्यांत लहरी एकाच दिशेला आणि सारख्याच कलानं जातात का? आणि आत दिलेल्यातलं बाहेर किती पडतं? मन्सन रॉकेटभोवती पट्टा गुंडाळत होते तेव्हा यांतला एकही प्रश्न टाळता येण्यासारखा नव्हता, कारण रॉकेट गेलं की दुरुस्तीला परत येत नाही.

देशाँनी गळतीकडे बघून विचारलं होतं, हिचा उपयोग काय? सत्तर वर्षांनंतरही चांगल्या आणि वाईट अँटेनातला फरक तिथेच आहे : गळती बाहेर होते की आत. पुढच्या वेळी आपण या ठिगळांच्या रांगा बघू, म्हणजे शेकडो ठिगळं मिळून एक शलाका कशी वळवतात ते. प्रश्न असतील तर आता विचारा.